तातडीचा माल आणि स्वतःची गाडी
(खानदेशातील एका व्यवसायाचा अभ्यास)

द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र

धुळे शहराबाहेर, जेथे मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, तेथे कोणत्याही रात्री घटकाभर उभे राहावे. एकामागून एक मालगाड्या जात असतात. कोणी कापूस नेतो, कोणी लोखंड, कोणी सिमेंट. परंतु त्यांतल्याच काही गाड्या धाब्यापाशीही फारशा रेंगाळत नाहीत. चालक चहा उभ्यानेच पितो, ताडपत्रीखाली हात घालून मालाची ऊब पाहतो आणि निघतो. या गाड्यांत केळी असतात, पपई असते, भाजीपाला असतो. हा माल रस्त्यात म्हातारा होणारा माल आहे. तो वेळेत पोचला तर त्याला भाव आहे, न पोचला तर तो कचरा आहे.

अशा तातडीच्या मालाची वाहतूक करण्यासाठी स्वतःची गाडी घेऊन उतरणे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वार्षिक अंकात कवी, नाटककार, संत यांच्यावर लेख येतात आणि ते यावेतच. परंतु आपल्या वर्गात बसणाऱ्या कित्येकांच्या घरी कोणी ना कोणी गाडीवर आहे. माझ्या घरी माझे वडील आहेत. अठरा वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या चालविल्या, नंतर स्वतःची घेतली आणि दोन वर्षांत ती विकली. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे यंदा थोरल्या भावाने गाडी घेण्याचे मनात आणले, तेव्हा तो म्हणाला, ''तू कालेजमा शिकस ना? मंग कागदवर मांडी दखाड.'' म्हणून मी मांडले. त्या मांडणीतूनच हा लेख झाला.

तातडीचा माल म्हणजे काय?

तातडीच्या मालाचे आपल्या भागातील उत्तम उदाहरण केळीचे आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या खोऱ्यात रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या तालुक्यांत केळीच्या बागा पसरल्या आहेत. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पूर्वी ही केळी मुख्यतः रेल्वेच्या वाघिणींतून जात. सावदा, निंभोरा, रावेर ही स्थानके त्यासाठीच ओळखली जात. पुढे रस्ते सुधारले, गाड्या वाढल्या आणि बांधावरून थेट बाजारापर्यंत माल नेणारा ट्रक रेल्वेचा मोठा स्पर्धक झाला. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर अशी पहिली किसान रेल्वे सुटली व ती जळगाव, भुसावळ, बऱ्हाणपूर येथे थांबत गेली. तरीही बागेपासून स्थानकापर्यंत आणि स्थानकापासून बाजारापर्यंत चाके लागतातच. बागेच्या कडेला येऊन उभा राहणारा ट्रक ही सोय रेल्वेला देता येत नाही.

केळीला एवढी घाई का, हे नीट समजून घेतले पाहिजे. केळी हिरवी, कच्ची असतानाच कापतात आणि तशीच गाडीत भरतात. ती पिकवायची असते मुक्कामाच्या गावी, व्यापाऱ्याच्या पिकवणगृहात. पण फळ पिकू लागले की इथिलीन नावाचा वायू सोडते आणि तो वायू शेजारच्या फळालाही पिकवतो. म्हणजे गाडीत दहा-वीस फण्या पिवळ्या पडल्या तर प्रश्न त्या दहा-वीस फण्यांपुरता राहत नाही. उन्हाळ्यात ताडपत्रीखाली उष्णता कोंडली की ही क्रिया झपाट्याने होते. उलट हिवाळ्यात उत्तरेकडे थंडी असते. तेरा अंशांच्या खाली बराच वेळ राहिल्यास केळीची साल काळी पडते. म्हणून जाणता चालक उन्हाळ्यात ताडपत्री वारा खेळेल अशी बांधतो आणि हिवाळ्यात तीच घट्ट आवळतो. याला कोणत्याही शाळेत शिक्षण नाही. हे ज्ञान एका चालकाकडून दुसऱ्याकडे, चहाच्या टपरीवर जाते.

सावद्याहून बऱ्हाणपूर, खंडवा, इंदूर, पुढे ग्वाल्हेर, आग्रा करीत दिल्लीची आझादपूर मंडी गाठायची म्हणजे सुमारे अकराशे किलोमीटर. शिरपूर-चोपड्याकडचा माल पळासनेर, सेंधवा या वाटेने इंदूरकडे चढतो. दिल्लीत भल्या पहाटे पोचलेल्या मालाला गिऱ्हाईक असते. दुपारी पोचलेल्या मालाला उद्याची वाट पाहावी लागते. तातडी म्हणतात ती ही. अमेरिकेत अशा वाहतुकीचा स्वतंत्रच धंदा आहे. तेथे एका गाडीत एकाच गिऱ्हाइकाचा माल भरतात, मध्ये कोठे उतरवीत नाहीत, आणि पुष्कळदा दोन चालक आळीपाळीने गाडी चालवितात. आपल्याकडे या धंद्याला वेगळे नाव नाही, पण केळीचा ट्रक दुसरे काय करतो?

कागदपत्रांची पायरी

गाडी घ्यायची म्हणजे आधी परवाना. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे साधा परवाना १८ व्या वर्षी मिळतो, परंतु परिवहन वाहनासाठी वयाची अट २० वर्षांची आहे, आणि त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष हाती असावा लागतो. पूर्वी परिवहन परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती २०१९ साली काढून टाकण्यात आली. माझ्या वडिलांचे शिक्षण पाचवीपर्यंत. त्यांच्या बरोबरीच्या कित्येकांना या अटीपायी आयुष्यभर क्लीनर म्हणूनच राहावे लागले.

लहान गाडीपासून सुरुवात करणाऱ्यास दोन गोष्टी माहीत असाव्यात. पहिली, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला की, ज्याच्याकडे हलक्या वाहनाचा परवाना आहे त्याला एकूण ७,५०० किलोपर्यंत वजनाचे परिवहन वाहन चालविण्यास वेगळी नोंद लागत नाही. या एका मुद्द्यावर विमा कंपन्या अपघाताची भरपाई नाकारीत असत, म्हणून हा निर्णय महत्त्वाचा. दुसरी, मालासह एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला वाहतूक परवाना, म्हणजे लोक ज्याला 'परमिट' म्हणतात तो, घ्यावा लागत नाही. नोंदणी, विमा, योग्यता प्रमाणपत्र, प्रदूषण प्रमाणपत्र हे मात्र सर्वांनाच आहे.

मोठ्या गाडीला राज्याबाहेर जायचे तर राष्ट्रीय परमिट हवे. जादा वजन भरल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल तेथेच उतरवायचा. नाशवंत माल रस्त्यावर उतरवणे म्हणजे काय, हे सांगणे नको.

टोल फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅगनेच भरावा लागू लागला. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी आला आणि पुढल्या एप्रिलपासून आंतरराज्य मालाला ई-वे बिल लागू झाले. ताज्या फळांना व भाजीला ते लागत नाही. परंतु दिल्लीहून परत येताना यंत्रे, कपडा, रंग असा माल भरला आणि त्याची किंमत ५०,००० रुपयांवर असली की ते लागते. दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. गाडी वाटेत नादुरुस्त झाली आणि मुदत वाढवून घ्यायची राहिली तर अडचण चालकाची, माल पाठविणारा दूर असतो. तेव्हा जाताना लागत नसलेला कागद येताना लागतो, हे नव्या माणसाने पक्के ध्यानात ठेवावे.

एका फेरीचा हिशेब

अर्थशास्त्राच्या तासाला आपण स्थिर खर्च आणि बदलता खर्च शिकतो. परीक्षेपुरते ते पाठ होते. मला ते खऱ्या अर्थाने कळले वडिलांच्या वहीवरून. आबा म्हणत, ''गाडी जवय पयस तवय पैसा दिखस, जवय उभी राहस तवय खर्चा दिखस.'' गाडी पळते तेव्हा डिझेल, टोल, भत्ता असा खर्च होतो, पण भाडेही येते. गाडी उभी असते तेव्हा हप्ता, विमा, कर, परमिट यांचा खर्च चालूच असतो आणि येत काहीच नाही. आपल्या पाठ्यपुस्तकातील व्याख्या याहून सोपी नाही.

आता एक उदाहरण घेऊ. खालील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. दर रोज बदलतात, तेव्हा ज्याने त्याने आपले आकडे घालून पाहावेत. कर्ज काढून घेतलेली दहा चाकी गाडी, सावदा ते दिल्ली आणि परत, मिळून २,२०० किलोमीटर.

डिझेल : लिटरला ४ किलोमीटर धरल्यास ५५० लिटर, ९० रुपये दराने ४९,५०० रुपये.
टोल, दोन्ही वेळचा : ९,००० रुपये.
चालक व जोडीदार यांचा भत्ता व जेवण : ८,००० रुपये.
हमाली, पार्किंग, पंक्चर व किरकोळ : ३,००० रुपये.
टायरची झीज : दहा टायर २ लाखांचे, ते ८०,००० किलोमीटर चालतील असे धरून किलोमीटरला अडीच रुपये, म्हणजे ५,५०० रुपये.
ऑइल व दुरुस्ती : किलोमीटरला दीड रुपया, म्हणजे ३,३०० रुपये.

हा झाला फेरीचा बदलता खर्च, एकूण ७८,३०० रुपये. आता जाताना केळीचे भाडे ७२,००० आणि येताना मिळेल त्या मालाचे ३०,००० असे १,०२,००० रुपये आले, तर फेरीमागे २३,७०० रुपये उरतात. पाहणाऱ्याला वाटते, एका आठवड्यात चोवीस हजार! आमच्या गल्लीतल्या लोकांनाही तसेच वाटत असे.

पण महिन्याचा स्थिर खर्च राहिला. हप्ता ४८,००० रुपये आणि विमा, कर, परमिट, योग्यता प्रमाणपत्र मिळून वर्षाला १,२०,००० म्हणजे महिन्याला १०,००० रुपये. एकूण ५८,०००. महिन्यात चार फेऱ्या झाल्या तर ९४,८०० मधून ५८,००० जाऊन ३६,८०० रुपये उरतात. तीन फेऱ्या झाल्या तर ७१,१०० मधून ५८,००० जाऊन उरतात १३,१००. दोनच झाल्या तर ४७,४०० येतात आणि १०,६०० रुपये पदरचे घालावे लागतात.

चार आणि तीन यांत फरक एका फेरीचा, पण घरी येणारा पैसा जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर आला. याच कारणाने मी हा हिशेब सविस्तर दिला. पुष्कळ नवखे मालक डिझेलचा भाव आणि भाड्याचा दर पाहतात. महिन्यात किती फेऱ्या होतील, हे मात्र गृहीत धरतात. खरा प्रश्न तेथेच आहे.

शिवाय टायरचे पैसे हे आज खिशातून जात नाहीत. ते पुढे एकदम जातात. आमच्या घरी तसेच झाले. टायरचे म्हणून बाजूला काढायचे पैसे बहिणीच्या लग्नात खर्च झाले आणि टायर आले तेव्हा ते व्याजाने घ्यावे लागले. त्यात कोणाची चूक होती असे मला वाटत नाही. पैसा घरात दिसत होता आणि गरजही घरात होती. वहीत वेगळा रकाना नव्हता, एवढेच.

वेग आणि वेळ

तातडीचा माल म्हटले की गाडी पळवायची, असा समज आहे. हा समज हिशेबाने तपासून पाहू. अकराशे किलोमीटरचे अंतर सरासरी ताशी ५० किलोमीटरने कापले तर २२ तास लागतात. ताशी ६० ने कापले तर १८ तास २० मिनिटे. म्हणजे जीव धोक्यात घालून वाचविलेला वेळ पावणेचार तासांहूनही कमी.

आता दुसरी बाजू पाहू. बागेत कापणी उशिरा सुरू झाल्याने गाडी पाच तास उभी राहते. वजनकाट्यावर रांग असते. मंडीत माल उतरविण्यासाठी अर्धा दिवस जातो. परतीचे भाडे मिळावे म्हणून एक दिवस, दोन दिवस, कधी तीन दिवस थांबावे लागते. या थांबण्याचे पैसे आपल्याकडे बहुधा कोणी देत नाही. महिन्यातली चौथी फेरी वेग कमी पडल्याने बुडत नाही, ती या थांबण्यात बुडते. म्हणून मला असे वाटते की, स्वतंत्र मालकाने वेग वाढविण्याऐवजी थांबणे कमी करण्यावर बुद्धी खर्च करावी. कापणीची वेळ आदल्या रात्री पक्की करावी, गाडी बागेत भरण्याच्या वेळी न्यावी, निघण्यापूर्वीच परतीच्या भाड्याची बोलणी सुरू करावीत. हल्ली मोबाइलवर भाडे शोधण्याची सोय झाली आहे, तिचा उपयोग खरा येथे आहे.

रस्त्याची माहिती हीदेखील वेळच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने चाळीसगावजवळील कन्नड घाट जड वाहनांना बंद झाला. ज्यांना ते आधी कळले ते दुसऱ्या वाटेने गेले. ज्यांना कळले नाही त्यांनी घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन वळसा घेतला. तातडीचा माल असलेल्यास असा वळसा परवडत नाही.

भाडे कोण ठरवितो?

पूर्ण स्पर्धेच्या बाजारात विक्रेते पुष्कळ असतात आणि कोणा एकाला किंमत ठरविता येत नाही, असे आपण शिकतो. गाडीवाल्यांची स्थिती अगदी अशी आहे. समोर मात्र तितके ग्राहक नसतात. व्यापारी थोडे, ट्रान्सपोर्टवाले थोडे, आणि गाड्या शंभर. हंगामात केळी जास्त आणि गाड्या कमी असतात तेव्हा भाडे चढते. इतर वेळी ज्याचा हप्ता जवळ आला आहे तो कमी भाड्यात भरतो आणि त्याचाच दर सर्वांचा दर होतो. हप्त्याची तारीख माणसाला सौद्यात दुबळे करते.

व्यवहाराची रीत अशी. भरताना भाड्याचा मोठा भाग आगाऊ मिळतो, त्यातून दलालाचे कमिशन कापले जाते. बाकी रक्कम पोचपावती परत आल्यावर. ही बाकीच धंद्याचे दुखणे आहे. माल 'नरम' निघाला, फण्या तुटल्या, वजन कमी भरले असे सांगून ती कापता येते.

आबांच्या बाबतीत एका एप्रिलमध्ये असे झाले. दुपारी भरायची गाडी कापणी लांबल्याने रात्री दहाला भरली. पुढे घाटात एक कंटेनर आडवा झाल्याने सहा तास रस्ता बंद. पहाटे पोचायची गाडी दुपारी पोचली. ताडपत्री सोडली तेव्हा मधल्या थरात केळी पिवळी दिसली. व्यापाऱ्याने बाकी तर दिली नाहीच, उलट पुढच्या भाड्यातून वळती करण्याची बोली केली. उशीर कोणामुळे झाला, हे आबांनी तोंडी सांगितले. कागदावर काहीच नव्हते. गाडी किती वाजता लागली, किती वाजता भरून निघाली, ही दोन वाक्ये बिल्टीवर लिहून घेतली असती तर बोलायला जागा राहिली असती. आबांना लिहिता येत होते, पण लिहून मागायचा संकोच होता. व्यापारी मोठा, आपण गाडीवाले. त्या महिन्याचा हप्ता चुकला, त्यावर दंड चढला आणि पुढल्या दिवाळीपूर्वी गाडी विकली.

२००७ चा मालवाहतूक कायदा १ मार्च २०११ पासून अमलात आला. त्याने १८६५ चा इंग्रजी अमदानीतला कायदा रद्द केला. माल स्वीकारणारा वाहतूकदार कोण, त्याने पावती कशी द्यावी, नुकसानीची जबाबदारी किती, हे त्यात सांगितले आहे. तेव्हा लिहून मागणे हा उद्धटपणा नव्हे, कायद्याचीच ती अपेक्षा आहे. माझ्या मते या धंद्यात उतरणाऱ्या तरुणाचे पहिले भांडवल पेन हे आहे.

झोप

आता ज्या गोष्टीचा हिशेब वहीत कोणी लिहीत नाही ती सांगतो.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. परंतु तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. २०२० च्या नव्या श्रमसंहितेत तो सामावला गेला. जो स्वतःच मालक आणि स्वतःच चालक, त्याचे तास मोजायला कोण येणार? युरोपात चालकाने साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबलेच पाहिजे आणि गाडीतले यंत्र त्याची नोंद ठेवते. अमेरिकेतही ११ तासांहून अधिक गाडी चालविता येत नाही व त्याआधी १० तास विश्रांती लागते. आपल्याकडे एकट्या मालकाच्या डोळ्यांवर पहारा फक्त त्याच्या घरच्यांचा. आमची माय रात्री दोनला आणि चारला फोन करीत असे. बोलणे काहीच नसे. ''काय करी राह्यनात?'' एवढेच. आवाज जड वाटला तर ती त्यांना गाडी बाजूला घ्यायला लावी.

१५ फेब्रुवारी २०२१ च्या आदल्या मध्यरात्री यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला. मालावर बसून घरी निघालेले मजूर त्याखाली सापडले. किमान पंधरा जण गेले. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेर येथे ताबा सुटलेला कंटेनर गाड्यांना धडकत हॉटेलात शिरला. तेथेही निदान दहा जणांचा बळी गेला. दोन्ही ठिकाणे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली आहेत. नाशवंत मालाबरोबर मजुरांना टपावर बसविणे ही आपल्या भागातील जुनी रीत आहे. त्यात मजुरांचे भाडे वाचते. गाडीवाल्याला 'नाही' म्हणता येत नाही, कारण त्याच मजुरांनी गाडी भरलेली असते. पण हे 'नाही' म्हणता आलेच पाहिजे.

अपघातात चालक पळून जातो, अशी सर्वांची तक्रार असते. जानेवारी २०२४ च्या आरंभी चालकांनी देशभर संप केला तो याच मुद्द्यावर. नव्या न्यायसंहितेत अपघातानंतर खबर न देता निघून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली होती. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा ते उपकलम वगळण्यात आले. जमावाच्या भीतीने पळणारा आणि बेफिकिरीने पळणारा यांत भेद कसा करावा, हा प्रश्न सुटलेला नाही. चालकाच्या घरात राहणाऱ्याला या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. एक चांगली गोष्ट अशी की, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालगाड्यांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. जळगावच्या मे महिन्यात इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाला ही चैन आहे, असे कोणी म्हणू नये.

सुरुवात करणाऱ्यास चार गोष्टी

वरील अभ्यासावरून भावासाठी मी चार अटी काढल्या. त्या इतरांनाही उपयोगी पडतील असे वाटते.

पहिली, एकदम मोठी गाडी न घेता जुन्या पिकअपपासून आरंभ करावा. धुळ्याहून सुरत सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. संध्याकाळी भाजी भरून निघालेली गाडी पहाटेच्या बाजाराला पोचते आणि दुसऱ्या दिवशी घरी येते. परतीच्या भाड्यासाठी तीन दिवस परमुलखात पडून राहावे लागत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेतून अशा गाडीला कर्ज मिळू शकते. त्यासाठी दागिने गहाण ठेवण्यापूर्वी बँकेत जाऊन विचारावे.

दुसरी, गाडी घेण्याआधी निदान एक हंगाम त्याच मार्गावर पगारी चालक म्हणून काढावा. माल देणारे कोण, बाकी बुडविणारे कोण, हे त्यातच कळते. ही माहिती विकत मिळत नाही.

तिसरी, तीन महिन्यांचे हप्ते बाजूला असल्याशिवाय गाडीला हात लावू नये. हप्ता हातात असलेला माणूसच कमी भाड्याला 'नको' म्हणू शकतो. टायर आणि दुरुस्ती यांचा रकाना पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवावा, आणि गाडी लागल्याची व सुटल्याची वेळ प्रत्येक पावतीवर लिहून घ्यावी.

चौथी, लागोपाठ दोन रात्री एकट्याने गाडी चालवू नये.

समारोप

भावाने ही मांडणी ओट्यावर बसून ऐकली. आबाही होते. पहिल्या तीन अटी त्याने कबूल केल्या. एक हंगाम दुसऱ्याच्या गाडीवर काढला, पैसे साठविले आणि गेल्या महिन्यात जुनी पिकअप घेतली. चौथ्या अटीवर तो काही बोलला नाही. आबा म्हणाले, भाजीवाला रोज माल देतो तो रोज येणाऱ्या गाडीला. एक रात्र चुकली की तो दुसरी गाडी लावतो. हे खरे आहे, आणि माझ्या वहीत त्याला उत्तर नाही. दोघा-तिघा गाडीवाल्यांनी मिळून एक मार्ग वाटून घेतला तर प्रत्येकाला आड रात्री झोप मिळेल आणि भाजीवाल्याला रोज गाडी मिळेल, असे मला सुचते. सहकाराचा धडा आपल्याला पहिल्या वर्षाला होता. खानदेशात दूधसंघ झाले, सूतगिरण्या झाल्या, मग तीन पिकअपचा संघ का होऊ नये? भावाने अजून तरी दुसऱ्या दोघांना विचारलेले नाही.

तूर्त मी एवढेच केले आहे. त्याच्या नव्या वहीत डिझेल, टोल, हमाली, टायर यांच्या पुढे आणखी एक रकाना आखून दिला आहे. त्यावर लिहिले आहे : झोप, तास. पहिले चार दिवस तो रकाना कोरा होता. पाचव्या दिवशी त्यात ३ हा आकडा होता, सहाव्या दिवशी ५. रविवारी मी वही पाहतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हा खर्च कोणत्या सदरात धरावा हे मला सापडलेले नाही. आपल्यापैकी कोणास ठाऊक असल्यास जरूर सांगावे.